मुलांसाठी गोगलगायी आणि श्रिंपची छोटी टाकी कशी लावायची

मुलं मासे पाळू म्हणून मागे लागली असतील तर मासे जरा बाजूला ठेवा आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायी नि बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठी होणारी कोळंबी, म्हणजे हॉबीवाले जिला सरळ श्रिंप म्हणतात ती, असा जोड बघा. ही मंडळी दिवसभर काही ना काही करत असतात. श्रिंप सतत खुडत असते, कात टाकते, मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरते. गोगलगाय काचेवर चढली की तिचं तोंड उघडमीट करताना खालून स्पष्ट दिसतं, भिंग दिलं तर मुलं तिथून हलत नाहीत. आणि हे सगळं २० ते ३० लिटरमध्ये मावतं.

फक्त एक अडचण आहे. अशा टाकीत जीव मरतात ते जास्त करून दोनच कारणांनी, घाई आणि जास्तीचं खाणं, आणि मुलांकडे उत्साह म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी. त्यामुळे टाकी मुलांची असली तरी वेळापत्रक आणि खाण्याचा डबा मोठ्यांच्या हातात, हे आधीच ठरवून टाका.

सामान

२० लिटरची चौकोनी काचेची टाकी, झाकणासकट. गोल बाऊल नको, त्यात पाणी कमी मावतं आणि ते फार पटकन बिघडतं. एक स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप. टांगायचा मोटरवाला फिल्टर श्रिंपची पिल्लं आत ओढून घेतो, आधीच घेतला असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज चढवा. पंपाच्या नळीत चेक व्हॉल्व जरूर लावा, लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं, ते याने थांबतं. बारीक गडद वाळू किंवा खडी, गडद अशासाठी की लाल श्रिंप त्यावर उठून दिसते. क्लोरीन काढायचं औषध. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजायचा टेस्ट किट. साधा एलईडी दिवा. थर्मामीटर. हीटर सगळ्यांना लागत नाही, पाणी २० ते २६ अंशात राहत असेल तर सोडून द्या.

टेस्ट किटचा खर्च लोक वाचवायला बघतात, मला ते अजिबात पटत नाही. एकवेळ शोभेचे दगड घेऊ नका पण किट घ्या.

जागा आणि पाणी

२० लिटर पाणी म्हणजे २० किलो, वर काच आणि खडी, त्यामुळे डगमगणारं टेबल चालणार नाही. थेट ऊन पडेल अशी खिडकी टाळा, नाहीतर शेवाळ इतकं माजेल की आतलं काही दिसणार नाही. उंची मुलाच्या डोळ्यासमोर येईल अशी ठेवा, पण त्याला धरून वर चढता येऊ नये. वायर प्लगपर्यंत जाताना मध्ये खाली लोंबकळती ठेवा म्हणजे ओघळणारं पाणी तिथून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा नियम मोठ्यांनाही.

टाकी आणि खडी नुसत्या पाण्याने धुवा, साबणाचा थेंबही नको. तळाला साधारण ३ सेंटीमीटर खडी पसरा, वर एक बशी ठेवून तिच्यावर पाणी सोडा म्हणजे खडी उकरली जात नाही. नळाचं पाणी असेल तर क्लोरीनचं औषध टाकाच. रात्रभर बादलीत ठेवून क्लोरीन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असतं आणि ते असं उडत नाही. नुसतं आरओचं पाणीही भरू नका, त्यात खनिजं जवळपास नसतात आणि गोगलगायीच्या शंखाला नि श्रिंपच्या कवचाला कॅल्शियम लागतंच. पीएच ७ च्या खाली रेंगाळत असेल तर शंख झिजून पांढुरके पडतात, अशा वेळी कटलबोनचा, म्हणजे कॅल्शियमने भरलेल्या पांढऱ्या समुद्रफेणाचा तुकडा टाकीत ठेवला तरी फरक पडतो.

झाडं म्हणाल तर जावा मॉस पहिलं. श्रिंपची पिल्लं त्यातच लपतात, त्यातच चरतात. सोबत अ‍ॅन्युबियस किंवा जावा फर्न, पण त्यांचा जाड आडवा खोड खडीत पुरू नका, कुजतो, दगडाला दोऱ्याने बांधा. बाहेरून आणलेल्या झाडांवर कीटकनाशक असू शकतं, म्हणून ती काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहा.

आता थांबायचं

टाकी दिसायला तयार झाली, फिल्टर बुडबुडे सोडतोय, आणि मुलं विचारणार की श्रिंप कुठंय. अजून नाही. पाण्यात घाण कुजली की अमोनिया तयार होतो, तो विषारी, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे थोड्या प्रमाणात चालतं. हे बॅक्टेरिया स्पंजमध्ये आणि खडीवर वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे घेतात. त्यांना खुराक म्हणून रिकाम्या टाकीत दर दोन-तीन दिवसांनी माशांच्या खाण्याची चिमूट टाकत राहायचं.

या काळात मुलांना वही द्या. टेस्ट ट्यूबमधला रंग चार्टशी जुळवायचा, आकडा लिहायचा, झालंच तर आलेख काढायचा. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतो, हे त्यांना स्वतःच्याच आकड्यांत दिसतं आणि वाट बघणं जरा सोपं जातं. खाणं टाकूनही दोन्ही शून्य येत असतील आणि नायट्रेट दिसत असेल तर टाकी तयार. नायट्रेट जास्त चढलं असेल तर जीव आणण्याआधी एकदा पाणी बदलून घ्या.

आधी गोगलगायी

गोगलगायी श्रिंपपेक्षा चिवट, म्हणून त्या आधी. दोन-तीन पुरे. रॅम्सहॉर्न ही जात मुलांना आवडते, पण ती उभयलिंगी असते, काचेवर पारदर्शक जेलीसारखे अंड्यांचे ठिपके दिसायला लागतात आणि खाणं जास्त पडलं की बघता बघता टाकी भरते. ते नको असेल तर नेराइट घ्या, ती शेवाळ मस्त साफ करते, पांढरी अंडी इकडेतिकडे चिकटवते पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत. मिस्ट्री स्नेल मोठी आणि देखणी, श्वास घ्यायला नळी वर काढते ते बघण्यासारखं असतं, मात्र ती अंडी पाण्याच्या वर घालते आणि टाकीबाहेरही पडते म्हणून झाकण हवंच. नदीतल्या किंवा तळ्यातल्या गोगलगायी उचलून आणू नका, काहींमध्ये माणसाला बाधणारे परजीवी असतात.

मग श्रिंप

दोनेक आठवडे गोगलगायी नीट राहिल्या, काचेवर हलका हिरवट थर आला, की ८-१० चेरी श्रिंप आणा. त्या मुख्यतः हाच थर खातात, चकाचक नव्या टाकीत त्या उपाशी राहतात. एकाच रंगाच्या घ्या. लाल, पिवळ्या, निळ्या एकत्र ठेवल्या तर त्या आपसात मिसळतात आणि पुढच्या पिढ्या मातकट, मूळ रानटी रंगाच्या होत जातात. मासे सोबत नकोत, बहुतेक मासे पिल्लं खातात.

पिशवी उघडून थेट टाकीत ओतायचं नाही. पिशवीतलं पाणी श्रिंपसकट एका भांड्यात घ्या, टाकीतून एअर पंपाच्या बारीक नळीने पाणी थेंब थेंब सोडा, नळीला सैल गाठ मारली की सेकंदाला दोन थेंब बरोबर पडतात. तास-दीड तासात भांड्यातलं पाणी तिप्पट झालं की श्रिंप जाळीने उचलून टाकीत, भांड्यातलं पाणी फेकून द्या.

काही दिवसांत कोपऱ्यात पारदर्शक पोकळ श्रिंप पडलेली दिसेल आणि घरात रडारड होईल. ती कात आहे. मेलेली श्रिंप अपारदर्शक, गुलाबीसर दिसते. कात काढू नका, बाकीच्या ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. कात टाकलेली मात्र एक-दोन दिवस मऊ कवचामुळे लपून बसते, तिला काठीने हुडकायचं नाही.

मादीच्या पोटाखाली अंडी दिसली तर ३-४ आठवडे मोजा. पिल्लं मिलिमीटरभराची पण हुबेहूब मोठ्यांसारखी निघतात.

खाणं आणि रोजचं

सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदाच, वाटाण्याएवढा उकडलेल्या पालकाचा किंवा काकडीचा तुकडा, नाहीतर श्रिंपच्या गोळीचा छोटा कण. दोन-तीन तासांत संपला नाही तर काढून टाका. गोळ्या-औषधांचा वारांचा डबा मिळतो ना, त्यात आठवड्याचा खाऊ मोठ्यांनी भरून ठेवायचा आणि मुलाने त्या दिवसाचा कप्पा उघडायचा, बाकीचे दिवस कप्पा रिकामा. भांडण मिटतं. काचेवर बारीक पांढरे किडे वळवळताना दिसले किंवा गोगलगायी अचानक वाढल्या तर खाणं जास्त होतंय असं समजा.

दिवा ६ ते ८ तास. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, त्याच तापमानाचं, हळूहळू ओतून. मधल्या काळात पाणी उडून कमी झालं तर भर आरओच्या पाण्याची घाला, कारण पाणी उडतं पण खनिजं मागेच राहतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, बॅक्टेरिया मरतात, काढलेल्या जुन्या पाण्यात पिळून घ्या. मेलेली गोगलगाय लगेच काढा, वास आला की ओळखूच येते.

आणि हे तर कपाटावर लिहून लावा: त्या खोलीत डासांचा स्प्रे मारायचा नाही, श्रिंप त्याने तासाभरात आडव्या होऊ शकतात. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, तेही श्रिंप-गोगलगायींना विषच, लेबल वाचल्याशिवाय काही टाकू नका. पाण्यात हात घालण्याआधी सॅनिटायझर, क्रीम धुऊन काढायचं आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

गावाला जाताना शेजाऱ्याला खाणं टाकायला सांगू नका, तो प्रेमाने मूठभर टाकेल. मुरलेल्या टाकीत आठवडाभर खाणं नसलं तरी चालतं, फक्त दिव्याला टायमर लावा. गोगलगायी जास्त झाल्या तर दुसऱ्या टाकीवाल्याला द्या, नदी-ओढ्यात सोडू नका, परक्या जाती तिथे पसरल्या की आवरत नाहीत.