चर्चमध्ये पेटी वाजवताय? या चुका टाळा

मंडळी गात नसली की आपण पेटीचा आवाज वाढवतो. पहिली चूक तीच. मागच्या बाकावरचे आजोबा ओठ मिटून बसतात, ते बहुधा पट्टी, म्हणजे गीताचा 'सा', उंच लागल्यामुळे. इंग्रजी गीतपुस्तकातली पट्टी जशीच्या तशी घेऊ नका. गीतातला सर्वांत वरचा सूर शोधा आणि तो पांढरी एकच्या (इंग्रजी C ला 'सा' धरून) तार 'रे'पलीकडे जाणार नाही अशी पट्टी धरा. सकाळी आठच्या उपासनेला तर आणखी अर्धा स्वर खाली चालेल. झोपेतून उठलेला गळा तो.

पट्टी बदलली की तबलजी वैतागतो, आणि त्याचं बरोबरच असतं. दर गीताला हातोडी घेऊन बसायला वेळ कुठे असतो? म्हणून गीतांचा क्रम शनिवारीच त्याच्या हाती द्या. पांढरी एकला लावलेला तबला पांढरी चारच्या गीतात पंचम म्हणून आणि पांढरी पाचच्या गीतात मध्यम म्हणून चालून जातो. एवढं सांभाळलं तरी पुष्कळ गीतं एकाच तबल्यावर निभतात.

खरी गडबड ठेक्याची. परदेशी चालींपैकी कितीतरी तीन मात्रांच्या आहेत. तिथे आठ मात्रांचा केरवा घातला की दुसऱ्या ओळीतच मंडळी आणि तबला वेगवेगळ्या वाटेला लागतात. सहा मात्रांचा दादरा घ्या. त्याहून फसवी गोष्ट उठावाची. ओळींत ८-६-८-६ अक्षरं असलेल्या पुष्कळ चालींत पहिलं अक्षर समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) येत नाही, समेच्या एक मात्रा आधी येतं. तबलजी पहिल्याच अक्षरावर सम ठोकतो आणि सगळं गीत एका मात्रेने सरकतं. आमच्याकडे एक गीत कित्येक वर्षं असंच सरकलेलं गायलं जात होतं. दुरुस्त केलं तेव्हा लोक म्हणाले, चाल का बदलली?

उलट, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजनं म्हणजे आपल्या अभंग-ओवीच्या मातीतलीच रचना. त्यांना भजनी ठेका, टाळ आणि पेटी पुरते. कीबोर्डमधला तयार डिस्को ऱ्हिदम त्यांच्यावर चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरुण मंडळी रागावतील, रागावोत.

कीबोर्ड आणि जुनी पेटी एकत्र वाजवायची असेल तर आधी एकच सूर दोन्हींवर दाबून ऐका. जुन्या पेटीचे सूर बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या मापावर नसतात. रविवारी सकाळी पेटी बदलता येत नाही, कीबोर्डचं ट्यूनिंग बदलता येतं. जुळतं घ्यायचं ते त्याने.

पावसाळ्यात लाकूड फुगून पेटीची दाबलेली पट्टी खालीच राहते आणि सूर वाजतच राहतो. गीत चालू असेल तर पट्टी बोटाने उचला, पुढे त्या सुराला टाळून वाजवा. सूर मुका झाला असेल तर बहुतेकदा धूळ अडकलेली असते: भाता जोरात भरून पट्टी पाच-सहा वेळा दाबा. नाहीच जमलं तर उपासनेनंतर पेटी उघडून सुराच्या पितळी जिभेखालून पातळ कागद अलगद फिरवा. ब्लेडने खरवडू नका. जीभ खरवडली की सूर बदलतो, आणि मग कारागिराकडे जाण्यावाचून इलाज नाही.

कॅथलिक चर्चमध्ये वाजवणाऱ्यांनी प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) लक्षात ठेवावा. त्या दिवसांत वाद्य फक्त गायनाला आधार म्हणून. नुसतं वाद्यवादन नाही. चौथा रविवार, महोत्सव आणि सण यांना सूट असते. मध्येच एखादी सुंदर धून वाजवली तर फादर बोलतील.

कडव्यांमध्ये लांबलचक तुकडा वाजवणं टाळा; मंडळीला श्वास घेण्यापुरता वेळ पुरे. आणि प्रभुभोजनाच्या वेळी नजर पाळकांवर ठेवा, पट्ट्यांवर नको. ते मेजाकडे परतले की हातातली ओळ पूर्ण करा, षड्जावर या आणि भाता सोडा.