बोटीवर जाण्याआधी: कोणती लस किती वर्षं पुरते आणि बूस्टर कधी घ्यायचा

बोटीवरच्या नोकरीवर रुजू व्हायचा, म्हणजे जॉइनिंगचा, फोन आला की घरात आधी पिवळं कार्ड (लस घेतल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) शोधलं जातं. त्यावरची मुदत संपलेली दिसली की कोकणकन्या पकडून मुंबई गाठायची आणि पीतज्वराची म्हणजे यलो फीव्हरची लस पुन्हा टोचून घ्यायची, असं अजूनही होतं. तशी गरज नाही. 11 जुलै 2016 पासून या लसीचं प्रमाणपत्र जन्मभर ग्राह्य आहे, आणि त्याआधी दिलेल्या कार्डांनाही हा नियम लागू आहे. कार्डावर 10 वर्षांची तारीख लिहिलेली असली तरी ते बदलून घ्यावं लागत नाही. बोटीवर पाठवणारा एजंट अडून बसला तर जागतिक आरोग्य संघटनेचा हा नियम त्याला दाखवा.

अडचण येते ती कार्ड भरण्यात. ते घेतानाच काउंटरवर उभं राहून वाचा: नाव आणि पासपोर्ट नंबर पासपोर्टाशी जुळतात का, लसीचा बॅच नंबर आहे का, डॉक्टरांची हाताने केलेली सही आहे का (नुसता शिक्का चालत नाही), केंद्राचा शिक्का उमटलाय का, तुमची स्वतःची सही राहिली तर नाही ना. खाडाखोड असेल किंवा एखादा रकाना रिकामा असेल तर कार्ड बाद ठरू शकतं. पहिल्यांदाच लस घेत असाल तर कार्ड टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं. 5 जूनला टोचलं तर 15 जूनपासून. नायजेरियातलं लागोस किंवा घानासारख्या पीतज्वराच्या भागातल्या बंदरातून येऊन भारतात उतरताना वैध कार्ड नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सहा महिने घराबाहेर राहिलेल्या माणसाला हे नकोच.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. रायगड-रत्नागिरीकरांना मुंबई बंदराचं आरोग्य कार्यालय सोयीचं, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना गोव्यातलं मुरगाव बंदर जवळ पडतं. मिसळलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं वार ठरवून देतात. आधी फोन करूनच निघा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गोवर किंवा कांजिण्यांची लसही घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्या. नाहीतर मध्ये 4 आठवडे जाऊ द्या.

बाकीच्या लसींचं गणित वेगळं आहे. धनुर्वात-घटसर्पाची टीडी दर 10 वर्षांनी. मात्र गंजक्या दोरखंडाची किंवा शेणमातीची खोल जखम झाली आणि शेवटच्या डोसला 5 वर्षं उलटली असतील, तर तेव्हाच घ्या. टायफॉइडची साधी व्हीआय लस (जंतूच्या आवरणातल्या शर्करेपासून केलेली) 3 वर्षांनी पुन्हा. कॉन्जुगेट लस (तीच शर्करा प्रथिनाला जोडून केलेली) त्याहून जास्त टिकते, म्हणून तीच मागा.

हिपॅटायटिस बी 0, 1 आणि 6 महिन्यांनी (0 म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस). तीन डोस पुरे झाले की धडधाकट माणसाला बूस्टर लागत नाही, डायलिसिसवर असलेल्यांचं वेगळं. हिपॅटायटिस ए चे, निष्क्रिय लस असेल तर, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, मग पुढे काही नाही. चाळिशीपुढच्या पुष्कळांना हिपॅटायटिस ए ची कावीळ लहानपणीच, नकळत, होऊन गेलेली असते. आधी अँटिबॉडीची तपासणी केली तर लसीचे पैसे वाचू शकतात.

मधला डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. दुसरा डोस घेऊन बोटीवर गेलात आणि वर्षाने परतलात, तर तिसरा घ्या आणि मोकळे व्हा. आधीचे डोस फुकट जात नाहीत.

रेबीजची लस आधी घेतलेली असली तरी कुत्रा चावल्यावर 0 आणि 3 या दिवशी दोन डोस लागतातच. फायदा हा की इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागत नाही, आणि परक्या बंदरात ते मिळेलच असं नाही. जखम मात्र आधी 15 मिनिटं साबणपाण्याने धुवा.

हज-उमराहला जाणाऱ्यांसाठी मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेची) एसीवायडब्ल्यू, म्हणजे ए, सी, वाय, डब्ल्यू या चार प्रकारच्या जंतूंवरची, लस पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी. पॉलिसॅकराइड (नुसत्या शर्करेचा) प्रकार 3 वर्षं चालतो, कॉन्जुगेट 5 वर्षं. प्रमाणपत्रावर "कॉन्जुगेट" लिहिलेलं नसेल तर 3 वर्षंच धरतात, म्हणून तो शब्द लिहवून घ्या. फ्लूची लस दरवर्षी नवी.

जाण्याच्या 6 आठवडे आधी सुरुवात केली तर यातलं बहुतेक सगळं बसतं. आणि मेडिकलमधून लस विकत घेऊन डॉक्टरांकडे नेणार असाल तर मासळीबाजारातल्या बर्फात कुपी खुपसू नका. तिला 2 ते 8 अंश हवेत. टीडी किंवा हिपॅटायटिसची लस एकदा गोठली की तिच्यातलं ॲल्युमिनियमचं क्षार गुठळी धरतं आणि लस निकामी होते; वितळल्यावर वरून चांगली दिसली तरी. थर्मासमध्ये बर्फ पिशवीत बांधून ठेवा, कुपी जाड फडक्यात गुंडाळा, दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. दुपारी वीज जाऊन तासन्‌तास येत नाही अशा दुकानातून लस घेऊच नका.