द फीलीजचा 'क्रेझी ऱ्हिदम्स' ऐकायचा कसा

जळगाव-धुळ्याकडं गिटारवाली पोरं आता बरीच झालीत, पण द फीलीज ह्या अमेरिकन बँडचं नाव काढलं की "कोण भो हे?" असंच येतं. वीझर बँडचा १९९४ चा अल्बम बऱ्याच जणांना माहितीये, निळ्या भिंतीपुढं चार पोरं सरळ उभी असलेला. तसंच निळ्या रंगापुढं उभं राहायचं काम फीलीजनं १९८० मध्येच करून ठेवलंय, तो हा 'क्रेझी ऱ्हिदम्स'. न्यू जर्सीतल्या हॅलेडनचा बँड, लंडनच्या स्टिफ रेकॉर्ड्सनं काढला, फार काही चालला नाही आणि ही चौघांची टीम पण टिकली नाही.

आधी मोबाइल नीट करा. बेस बूस्ट बंद, शफल बंद, आणि ते एक गाणं दुसऱ्यात मिसळवायचं क्रॉसफेड असतं ना, ते तर आधी बंद, कारण पहिलं गाणं 'द बॉय विथ द पर्पेच्युअल नर्व्हसनेस' जवळजवळ शांततेतून सुरू होतं, नुसती लाकडावर टकटक, आणि गिटार हळूहळू लांबून येते. इथं सगळे आवाज वाढवतात आणि मग थोड्या वेळानं कान धरून बसतात. आवाज वाढवायचा नाही, थांबायचं. ब्लूटूथचा डबा नको, साधे वायरचे इअरफोन चालतील पण दोन्ही कानात पाहिजेत, एक मित्राला देऊन ऐकायचा हा अल्बम नाही.

आता मेन गोष्ट. आपल्याला सवय असते की गाणं म्हटलं की आधी गाणारा शोधायचा, शब्द पकडायचे. इथं ग्लेन मर्सर मुद्दाम दबक्या आवाजात, पुटपुटल्यासारखा गातो, त्याच्या मागं लागलात की बोअर होणार म्हणजे होणारच. कान ठोक्यावर ठेवा. ड्रमवर अँटन फायर आहे आणि झांजांचा खणखणाट फारच कमी, सगळा जोर टॉमवर, म्हणजे सेटमधल्या ढोलासारख्या ड्रमवर, आणि त्याच्या आजूबाजूला लाकूड, खुळखुळे असलं काय काय चाललेलं असतं. त्यावर मर्सर आणि बिल मिलियनच्या दोन गिटारी एकच कॉर्ड घासत बसतात. अक्कलकुव्याकडं काठी गावच्या होळीला ढोल रात्रभर वाजतो तसं आहे हे, पहिल्यांदा वाटतं तेच तेच चाललंय, पण कान बसला की बारीक फरक सुद्धा अंगावर येतो.

'फोर्सेस ॲट वर्क' सात मिनिटांचं आहे, ते ह्याच पद्धतीनं ऐकायचं, एकदा फक्त ड्रम, परत लावून फक्त गिटार. 'लव्हलेस लव्ह' पण सावकाश चढतं, पहिल्या मिनिटाला फॉरवर्ड केलं तर गेलं सगळं. 'रेझ्ड आयब्रोज' मध्ये शब्द पार शेवटाकडं येतात, तोपर्यंत नुसतं वाजवणं, मला विचाराल तर अख्ख्या अल्बममध्ये तेच एक नंबर, टायटल ट्रॅकपेक्षा, म्हणजे 'क्रेझी ऱ्हिदम्स' नावाच्या शेवटच्या गाण्यापेक्षा पण.

एवढा पेशन्स नसेल तर आधी 'फा से ला' लावून बघा, दोनेक मिनिटांत मामला खतम. नाहीतर बीटल्सचं माकडवालं गाणं, 'एव्हरीबडीज गॉट समथिंग टू हाइड'. १९६८ चं मूळ ऐका आणि लगेच ह्यांचं लावा, ओळखीचं गाणं असल्यामुळं ह्या लोकांनी नेमकं काय केलंय ते पटकन कळतं. त्यांचा जुगाड समजायचा हाच सगळ्यात सोपा रस्ता.

कुठं ऐकायचा? दुपारी मे महिन्यात झोपून नको, डोळा लागतो. जळगावहून पॅसेंजरनं अमळनेरला जाताना मस्त बसतो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा अल्बम आहे, उतरायच्या आत होतो. चार गाण्यांनंतर जरा थांबा, रेकॉर्डची पहिली बाजू तिथंच संपायची.

अजून एक, मूळ अल्बम नऊच गाण्यांचा आहे. १९९० च्या सीडीवर मागं रोलिंग स्टोन्सचं 'पेंट इट ब्लॅक' चिकटवलंय, ते आलं तर बंद करा, टायटल ट्रॅकनंच संपू द्या. आणि हे आवडलं तर लगेच ह्यांचाच १९८६ चा 'द गुड अर्थ' घ्या, आर.ई.एम. बँडच्या पीटर बकनं को-प्रोड्यूस केलेला. त्यात फायर नाही, सगळं जरा मऊ आहे, तिथं ह्या ठोक्यांची घाई शोधू नका.