आखाडाआधी शेळ्यांबरोबर कुत्र्यालाही जंताचं औषध द्या

मृगाचा पाऊस झाला की शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध पाजायची लगबग सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. पण वाड्याच्या तोंडाशी राखणीला बसलेल्या कुत्र्याची कुणाला आठवण होत नाही. यंदा सुरुवात त्याच्यापासून करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मागच्या थंडीत एका वस्तीवर उस्मानाबादी शेळी बघायला गेलो होतो. दोन वेताची, अंगाने चांगली भरलेली. मान एका बाजूला कललेली आणि त्याच बाजूने गरगर फिरायची. दमली की भिंतीला डोकं लावून उभी राहायची. समोर पाला टाकला तरी तोंड लावेना. घरच्यांनी नजर लागली म्हणून लिंबूही उतरून टाकलं होतं. शिंगांच्या मागे कवटीवर अंगठा दाबला, तर हाड वाळल्या पापडासारखं आत दबत होतं. शेळी वाचली नाही. कवटी उघडली तेव्हा मेंदूत कोंबडीच्या अंड्याएवढी पाण्याची पिशवी निघाली. पिशवीचं कातडं आरपार दिसेल इतकं पातळ, आणि आतून खसखशीसारख्या पांढऱ्या दाण्यांचे पुंजके चिकटलेले. त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेका पट्टकृमीचं, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचं, डोकं. आम्ही ते बघत होतो आणि घरचा कुत्रा चार हातांवर जीभ काढून वाट बघत बसला होता.

ती पिशवी त्याच्या तोंडी गेली असती तर पुढचं चक्र ठरलेलं आहे. कुत्र्याच्या आतड्यात त्या दाण्यांपासून लांबलचक पट्टकृमी तयार होतात. साधारण सहा आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून पडायला लागतात, पावसाच्या पाण्याबरोबर गवतावर पसरतात आणि चरताना शेळीच्या पोटात जातात. तिथून रक्तावाटे मेंदूत. काही शेळ्यांत हीच पिशवी कातडीखाली किंवा मांसात होते आणि मांडीवर, खांद्यावर मऊ गाठ दिसते.

आता हे आपल्या पंचांगाशी ताडून बघा. आखाडात गावोगाव देवीला बोकड पडतो, घरोघरी मटण शिजतं. आजारी जनावराची मुंडी, गाठ आलेलं काळीज, फोप्सं उकिरड्यावर जातं आणि कुत्री ते खातात. श्रावण-भाद्रपदात, गवत ओलं आणि हिरवंगार असताना, त्याच कुत्र्यांच्या विष्ठेतून अंडी पडतात. शेळी गरगरायला लागते ती पुढे दोन-चार महिन्यांनी, दिवाळीनंतर. तोवर आखाडातली मुंडी कुणाच्या लक्षातही नसते. नेहमीचं जंताचं औषध पाजून अशी शेळी बरी होत नाही. लवकर लक्षात आलं आणि पिशवी वरच्या बाजूला असली तर पशुवैद्यक शस्त्रक्रियेने ती काढू शकतात, पण प्रत्येकीच्या नशिबी ते नसतं.

म्हणून कुत्र्याला पट्टकृमी मारणारं प्राझिक्वांटेल असलेली गोळी द्या. मात्रा किलोला 5 मिलीग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 100 मिलीग्रॅम. भाकरीच्या तुकड्यात गूळ घालून दिली तर बिनतक्रार खातो. नंतर दोन-तीन दिवस त्याला बांधून ठेवा आणि विष्ठा गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, नाहीतर पडलेले जंत अंड्यांसकट रानात जातील. सहा आठवड्यांनी पुन्हा गोळी द्या.

कापलेल्या जनावराचा टाकाऊ भाग कच्चा कधीच घालू नका. कुत्र्याला द्यायचाच असेल तर तुकडे करून अर्धा-पाऊण तास खळखळून उकळा. पुरायचा तर तीन फूट खड्डा घ्या आणि वर दगड, बाभळीच्या काट्या टाका. वीतभर मातीखाली पुरलं तर कुत्रं ते रातोरात उकरून काढतं.

शेळ्यांचं बघताना या दिवसांत खरी भीती रक्त पिणाऱ्या गोल जंतांची. याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. खालची पापणी ओढून बघा: लालबुंद असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर रक्त कमी झालंय. जबड्याखाली मऊ, गार सूज आली असेल आणि ताप नसेल, तर जंताचा संशय घ्या. सूज गरम, दुखरी आणि ताप असेल तर घटसर्प या जनावरांच्या जीवघेण्या आजाराची शंका, तेव्हा डॉक्टरांना बोलवायला तासभरही थांबू नका.

औषध अंदाजाने पाजू नका. ताणकाट्यावर वजन करा. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध अडीच टक्क्यांचं (एका मिलीत 25 मिलीग्रॅम) असेल आणि मात्रा किलोला साडेसात मिलीग्रॅम धरली, तर 30 किलोच्या शेळीला 9 मिली लागतं. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. मेंढीपेक्षा शेळीला बऱ्याचदा जास्त मात्रा लागते, म्हणून ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गाभणीला पहिल्या दोन महिन्यांत अल्बेंडाझोल नको. आखाडात कापायचा किंवा विकायचा बोकड असेल तर त्याला आता पाजू नका. औषधानंतर किती दिवस मांस खायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आणि सकाळचं दव उतरल्याशिवाय कळप सोडू नका, गोल जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या शेंड्यावर चढलेल्या असतात.

आता माणसांचं. कुत्र्यात आणखी एक पट्टकृमी असतो, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. त्याची अंडी हातावाटे आपल्या पोटात गेली तर काळजात (यकृतात), फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहतात. शिजवलेल्या मटणातून हे होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतून होतं. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळतात आणि त्याच हातांनी भाकरी खातात, तेव्हा माझ्या जिवाचं पाणी होतं. हात साबणाने धुवा. मेथी-कोथिंबीर दोन-तीन पाण्यातून काढा. शाळेत, अंगणवाडीत वाटतात ती जंताची गोळी पोरांना जरूर द्या, मात्र जनावराचं औषध माणसाला कधीच नको.

गोळी दिल्याची तारीख वाड्याच्या फळीवर खडूने लिहून ठेवा, आणि शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्यांनाही त्याच दिवशी द्यायला सांगा. रानात सगळे कळप एकाच गवतावर चरतात.