पहिलीच्या मुलांना शाळेच्या जागा दाखवताना

जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलाला अक्षरांच्या आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: एकीला कुठे जायचं, पाणी कुठे प्यायचं आणि तिथून आपल्या जागेवर परत कसं यायचं. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांची घाई नेमकी इथेच होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांची रांग करून "हे ऑफिस, हे किचन शेड, ही टाकी" असं सांगत शाळा फिरवली जाते. तिसऱ्या जागेपर्यंत मागच्या मुलांना फक्त पुढच्याची पाठ दिसत असते. दुसऱ्या दिवशी "कळलं का?" म्हटलं की सगळी एका सुरात "हो" म्हणतात, आणि मधल्या सुट्टीत कोणीतरी भिंतीमागे लघवीला बसलेलं सापडतं.

शाळा दोन शिक्षकी असली तरी जागा कमी नसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे वर्गखोल्या, ऑफिस, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान आणि कुंपण एवढं असायलाच हवं. सहा वर्षांच्या मुलाला एका दमात हे पेलत नाही. पहिले तीन दिवस फक्त स्वच्छतागृह आणि पाणी घ्या. मग खिचडी खायची जागा आणि हात धुवायच्या तोट्या. ऑफिस, मैदान, गेट दुसऱ्या आठवड्यात. एका वेळी सहा-सात मुलं न्या. पंचवीसचा पट असेल तर दहा-दहा मिनिटांच्या चार फेऱ्या होतात. तेवढा वेळ उरलेल्यांना चौथीची दोन मुलं सांभाळतात.

स्वच्छतागृहावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मूल अडतं ते तिथेच. नुसतं बाहेरून बोट दाखवून भागत नाही. प्रत्येकाला आत न्या. दार ढकलायचं की ओढायचं, पाय कुठे ठेवायचे, पाण्याचा डबा कुठे असतो, किती पाणी टाकायचं, हे त्याच्या हातून करून घ्या. कडी हा मोठा अडथळा. ती बऱ्याचदा उंचावर, गंजलेली आणि घट्ट असते. आत अंधार असला तर कडी लागली की मूल घाबरतं आणि पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. पहिला महिना कडी लावायला सांगूच नका, बाहेर जोडीदार उभा करा. कडीला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून ठेवा.

आपल्याकडचं आणखी एक कारण चटकन लक्षात येत नाही. चपला वर्गाच्या दाराशी काढलेल्या असतात, आणि जूनच्या दुपारी पाऊस आलेला नसला तर वट्ट्याखालची फरशी चटके देते. अनवाणी मूल तेवढं अंतर चालायचं टाळतं, लघवी दाबून धरतं आणि लघवी लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. तेव्हा चपला घालून बाहेर पडायची सवय याच फेरीत लावा आणि निंबाच्या सावलीतून जाणारी वाट शिकवा, मग ती चार पावलं लांबची का असेना.

परतीची वाट वेगळी शिकवावी लागते. जाताना डाव्या हाताला दिसलेला हातपंप येताना उजव्या हाताला येतो, आणि मुलाच्या लेखी ती नवीच जागा होते. अर्ध्या वाटेत थांबा, सगळ्यांना मागे वळून बघायला लावा, "आपला वर्ग कुठला?" असं विचारा. उजवं-डावं या वयात पक्कं नसतं. खुणा वापरा: झेंड्याचा ओटा, हातपंप, निंब. वर्गातून स्वच्छतागृह सापडणाऱ्या मुलाला किचन शेडपासून ते सापडेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात फेरी दर वेळी वेगळ्या जागेपासून सुरू करा.

शब्द घरचे हवेत. 'स्वच्छतागृह', 'कार्यालय' हे पाटीवरचे शब्द. घरी अहिराणी बोलणारं मूल ते पहिल्यांदाच ऐकत असतं. आधी "आठे", "तठे", "पाणी पेवाले" म्हणा आणि त्याला लागूनच प्रमाण शब्द उच्चारा. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोली लागेल. ती येत नसेल तर तिसरीतल्या मुलाकडून आठ-दहा शब्द वहीत उतरवून घ्या. मुलाला "मला एकीला जायचंय" हे बाईंना सांगता येणं, हा जागेच्या ओळखीचाच भाग आहे.

दारावरची चित्रं मोठ्यांच्या डोळ्यांसमोर येतील अशी लावली जातात. पहिलीच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर असते, चित्र तिथेच हवं. दोन दारं एकाच निळ्या रंगाची असतील तर चित्राशिवाय घोटाळा ठरलेला. जमिनीवर पावलांचे ठसे काढायचे तर ऑईल पेंटने काढा. गेरू-चुना पहिल्याच सरीत वाहून जातो.

नकाशा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोही कागदावर नको, मैदानातल्या मातीत, काड्यापेट्या मांडून. नकाशातलं गेट खऱ्या गेटच्या दिशेलाच हवं. ते उलटं मांडलं की ज्यांना वाट येते तीही गोंधळतात.

तपासणी तोंडी करू नका, काम सांगा. "मोठ्या सरांकडून खडू आण", "खिचडीच्या मावशींना आजचा पट सांगून ये." आधी जोडीने पाठवा, मग एकट्याने. मूल न विचारता गेलं आणि थेट परत आलं, तर जागा कळली. वाटेत थांबलं तर कुठे थांबलं ते लांबून बघा. बहुधा तिथे खूण नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर निघतात आणि होळीला किंवा त्याच्याही नंतर परततात. तोवर बसायची जागा बदललेली असते, कधी वर्गखोलीही. त्यांना जुनं आठवेल असं धरू नका. आल्या दिवशी जोडीदार द्या आणि स्वच्छतागृह-पाण्याचे तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून करा, बाकीच्या वर्गासमोर त्यांना प्रश्न न विचारता.