फास्ट फूड हॉटेलचा तपासणी अहवाल कसा मागवावा, कसा वाचावा

आधी हॉटेलचा 14 अंकी अन्न परवाना क्रमांक टिपून घ्या. तो बिलावर आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर असतो. महाराष्ट्र राज्याचा परवाना 115 ने सुरू होतो, छोट्या विक्रेत्याची नोंदणी 215 ने. केंद्राच्या फॉस्कॉस (FoSCoS) या अन्न परवान्यांच्या संकेतस्थळावर तो टाकून नाव, पत्ता आणि मुदत पाहा. पत्ता नीट जुळवा, कारण कधी कधी भिंतीवर दुसऱ्याच शाखेचा क्रमांक लावलेला असतो.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांत बसवा. "हॉटेल स्वच्छ आहे का?" असं विचारलं तर हाती काहीच येत नाही, माहिती अधिकारात कागद मिळतो, मत नाही. म्हणून असं लिहा: "या परवान्याच्या गेल्या तीन वर्षांतल्या तपासणी अहवालांच्या, अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 32 खालच्या सुधारणा नोटिसांच्या आणि नमुना विश्लेषण अहवालांच्या प्रती द्याव्यात." सुधारणा नोटीस म्हणजे सापडलेल्या त्रुटी दूर करा, असं सांगणारी नोटीस. प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर जोडपत्र 'ब' (अपिलाचा नमुना) आणि 20 रुपयांच्या तिकिटासह पहिलं अपील करा. "अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. तीन वर्षांत तपासणीच झाली नसेल, तर तक्रारीला तोच कागद लागतो.

अहवालात सगळ्यात आधी पाणी बघा. लातूर-बीडकडे उन्हाळ्यात हॉटेलं टँकरवर चालतात आणि चटणी, बर्फ, सरबत त्याच पाण्याचं. पाणी तपासणीचा दाखला हिवाळ्यातला, नळाच्या पाण्याचा असेल, तर मे महिन्यातल्या टँकरबद्दल तो काहीच सांगत नाही.

नंतर तळणाचं तेल. एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात साठणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्याला जुन्या तेलाची विल्हेवाट कशी लावली याची नोंद ठेवावी लागते.

फ्रिजच्या तापमानाची वहीही अहवालाला जोडलेली असेल, तर ती निरखून पाहा. थंड पदार्थ 5 अंशांच्या आत हवेत. महिनाभर रोज 4, 4, 4, तेही एकाच पेनानं आणि एकाच वळणाचं अक्षर असेल, तर ती वही एका बैठकीत भरली असण्याचीच शक्यता जास्त. मे महिन्यात भर दुपारी, दार सारखं उघडणाऱ्या फ्रिजचा काटा थोडा तरी हलतोच.

कामगारांचे वैद्यकीय दाखले वर्षाच्या आतले हवेत. सुधारणा नोटीस दिसली, तर त्यानंतरचा फेरतपासणीचा अहवाल शोधा. तो नसेल, तर नोटिशीची प्रत जोडून प्रशासनाकडे लेखी तक्रार करा किंवा 1800-222-365 या क्रमांकावर नोंदवा.