चाकाचा नट नेमका किती आवळायचा: घरच्या गाडीसाठी टॉर्क पाना

पंक्चरवाला एअर गनने चाकाचे नट 'खर्रर्र' करून गच्च बसवतो, तेव्हा छान वाटतं. पुढे खंबाटकीच्या घाटात स्टेपनी लावायची वेळ आली आणि टॉमीवर उभं राहूनही नट हलेना, की मग कळतं. दुसऱ्या टोकाला घरी स्वतः ऑइल बदलणारे लोक. 'गळायला नको' म्हणून ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायच्या बुचाला, शेवटचा एक झटका देतात आणि ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे घालवून बसतात. दोन्हीचं कारण एकच. किती आवळलं ते मोजलेलंच नसतं.

नट आवळताना आपण खरं तर स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, ताणत असतो, अगदी थोडा, स्प्रिंगसारखा. तो ताण चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दाबून धरतो. ताण कमी पडला तर नट हळूहळू सुटतो. जास्त झाला तर स्टड कायमचा लांबतो आणि पुन्हा तेवढा दाब देत नाही. टॉर्क पाना हा ताण थेट मोजत नाही, तो फक्त पिळण्याचा जोर मोजतो. त्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग नटाच्या तोंडाशी आणि आट्यांत घासण्यातच जातो. म्हणून आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावलं की आकडा तोच राहतो, पण स्टडवरचा ताण बराच वाढतो. मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर चाकाचे आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे.

आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. चाक बदलण्याच्या पानावर किंवा शेवटी स्पेसिफिकेशनमध्ये तो असतो. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर होंडा सिटीला १०८ न्यूटन-मीटर, टोयोटाच्या इटिऑससारख्या छोट्या गाड्यांना १०३, पोलोला १२०. मारुतीत मॉडेलप्रमाणे फरक आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या स्विफ्टचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. जुन्या मॅन्युअलमध्ये किलो-मीटर (kgf·m, अंतराचं किलोमीटर नव्हे) दिसेल, त्याला ९.८ ने गुणायचं. ११ किलो-मीटर म्हणजे १०८.

आता खरेदी. घरी क्लिक होणारा, म्हणजे लावलेला आकडा आला की 'टक्' करणारा पाना बरा. डिजिटल चांगलाच असतो, पण बॅटरी नेमकी रविवारी सकाळी संपते. काटा आणि पट्टीवाला जुना प्रकार स्वस्त आणि टिकाऊ आहे. मात्र तो समोरून सरळ वाचावा लागतो आणि चाकाशी वाकून बसल्यावर ते अवघड जातं.

रेंजकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं. पाना आपल्या कमाल आकड्याच्या साधारण २० ते १०० टक्के भागातच भरवशाचा असतो. चाकांसाठी अर्धा इंची चौकोनाचा (सॉकेट बसतं तो चौकोन), ४० ते २०० किंवा २८ ते २१० न्यूटन-मीटरचा पाना योग्य. तोच पाना स्पार्क प्लगला वापरणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर सोनं तोलणं. प्लग आणि ड्रेन प्लगही करायचे असतील तर तीन-अष्टमांश इंची, १० ते ६० च्या आसपासचा दुसरा पाना घ्या. एकच परवडत असेल तर चाकांचा घ्या, कारण चाकं वर्षातून अनेकदा उघडतात. अचूकता ±४ टक्के लिहिलेली असावी आणि सोबत त्या नगाचा सिरियल नंबर असलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप तपासल्याचं, सर्टिफिकेट असावं. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा नाना पेठेत घेत असाल तर पाना हातात घेऊन पाहा. मूठ फिरताना अडखळते का, लॉक नीट बसतं का, पट्टीवरच्या रेषा कोरलेल्या आहेत की नुसत्या छापलेल्या. छापलेल्या रेषा ऑइलच्या बोटांनी वर्षभरात पुसल्या जातात.

सॉकेट, म्हणजे आपली गोटी, सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी जुन्या नटाचे कोपरे खाते. मारुती आणि होंडाला बहुतेक १९ ची, ह्युंदाईला २१ ची, फोक्सवॅगनला १७ ची लागते. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची घ्या, नाहीतर ती खोबणीत अडकते.

आकडा लावण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. २८ ते २१० च्या पान्यावर मुख्य पट्टीवरच्या रेषा १४-१४ च्या अंतराने असतात: २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८, ११२. मुठीच्या कडेवर शून्यापासून १२ पर्यंत खुणा असतात. १०८ लावायचे तर लॉक सोडा, मूठ ९८ च्या रेषेपर्यंत फिरवून शून्य मधल्या उभ्या रेषेवर आणा आणि मग १० पर्यंत फिरवा. १०३ साठी ४ आणि ६ च्या मधोमध. लॉक लावायला विसरू नका, नाहीतर मूठ हातातच फिरते. पान्याच्या पाठीमागच्या बाजूला फूट-पौंडाची पट्टी असते. चुकून तिच्यावर १०० लावले तर प्रत्यक्षात १३६ न्यूटन-मीटर बसतात.

काम करताना गाडी सपाट जागी घ्या. सोसायटीच्या बेसमेंटचा उतार चालणार नाही. हँडब्रेक ओढा, तिरक्या समोरच्या चाकाला लाकडी ठोकळा लावा. पावसाळ्यानंतर हबच्या तोंडावर गंज धरतो, तो तारेच्या ब्रशने काढा. गंजाचा थर राहिला तर आकडा बरोबर लागतो, पण शे-दोनशे किलोमीटरमध्ये थर चिरडून नट सैल पडतात. नट शंकूसारखी बाजू चाकाकडे ठेवून, आधी बोटांनीच चढवा. सुरुवातीलाच पाना लागत असेल तर आटे तिरके बसलेत, उलटे काढा. मग साध्या पान्याने समोरासमोरच्या जोडीने हलके आवळा. पाच नट असतील तर चांदणीच्या क्रमाने.

टेकेल इतका जॅक उतरवा आणि आता टॉर्क पाना लावा. पहिला फेरा ६० वर, दुसरा पूर्ण आकड्यावर, क्रम तोच. मुठीच्या मध्यावर एकाच हाताने धरून संथ ओढा. 'टक्' झालं की थांबा. 'खात्रीला आणखी एकदा' म्हणून जे दुसरं टक् करतात ते नट पुढे सरकवतात. पान्याला पाइप घालायचा नाही, लांबी बदलली की मोजमाप बिघडतं. सरळ एक्स्टेन्शन चालेल, वाकडा जॉइंट नको. शंभरेक किलोमीटर चालल्यावर थंड चाकांवर पुन्हा एकदा तपासा.

ड्रेन प्लगला प्रत्येक वेळी नवं वॉशर. आकडा बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत ३५ ते ४० च्या आसपास असतो. तो किती कमी आहे हे पहिल्यांदा टक् झालं की लक्षात येतं, हाताला 'अजून झालंच नाही' असं वाटतं. स्पार्क प्लग इंजिन थंड असतानाच. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या टोकाला लावून आट्यांत फिरवा, म्हणजे तिरका गेला तर नळीच घसरते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३०, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला फक्त १० ते १२. हेड बोल्टच्या, म्हणजे इंजिनचं हेड धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या, वाटेला घरी जाऊ नका. तिथे टॉर्कनंतर कोनात फिरवायचं असतं आणि बोल्ट बऱ्याचदा एकदाच वापरायचे असतात.

घट्ट नट सोडवायला टॉर्क पाना वापरू नये, त्यासाठी ब्रेकर बार, म्हणजे लांब दांड्याचा साधा पाना, असतो. काम झाल्यावर मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. त्याहून खाली मात्र उलगडू नका, आतली स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटते. बरेच महिने पडून राहिला असेल तर मधल्या आकड्यावर पाच-सहा टक् करून घ्या, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. जमिनीवर पडला तर तपासल्याशिवाय वापरू नका.

ही तपासणी घरी सामान मोजायच्या हुकाच्या काट्यावर होते. १०० च्या वर आवळलेल्या चाकाच्या नटावर पाना सरळ उभा धरा, आकडा ८० लावा. नटाच्या केंद्रापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. ते ४० सेंटीमीटर असेल तर मुठीच्या मध्याला दोरी बांधून काट्याने आडवं, काटकोनात ओढा. २०.४ किलोच्या आसपास टक् व्हायला हवं. दोन किलोंपेक्षा जास्त फरक तीन-चारदा सलग आला तर पाना भोसरी-चाकणकडच्या एखाद्या एनएबीएल मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅबमध्ये द्या. स्वस्त पान्याचं कॅलिब्रेशन त्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं, म्हणून देण्याआधी फोनवर दर विचारून घ्या.